एका दिवसात पाच वायनऱ्या? हिशेब तरी करा

द्राक्षकोंब: "ग्रुप असेल तर तयार बसटूर घ्या, दिवसात पाच वायनऱ्या होतात, पैसा वसूल." कुणीतरी लिहिलेलं हे वाचून राहवलं नाही. एका ठिकाणी पाच वाइन, प्रत्येकी 30 मिली धरा. पाच ठिकाणी मिळून 750, म्हणजे माणशी अख्खी बाटली! वेळेचंही तेच. ग्रुप चौदा जणांचा धरा: सगळे उतरणार, स्वच्छतागृहाची रांग, तळघराची फेरी, टेस्टिंग, खरेदी. दीड तासाच्या आत काही आटपत नाही. मग टूरवाला कात्री लावतो ती तळघराच्या फेरीलाच. तीनच ठिकाणं घ्या: सकाळी मोठी, यंत्रं बघायला, दुपारी जेवण मिळेल अशी, शेवटी छोटी, जिथे वाइन करणारा स्वतः बोलतो. टूर नको, चालकासह गाडी ठरवा.

आयतं_बरं: छोट्या वायनरीत चौदा जण मावतात तरी का? अमेरिकेतल्या नापा खोऱ्यात तर 1990 नंतरच्या बहुतेक वायनऱ्यांत आधी वेळ घेतल्याशिवाय प्रवेशच नाही. ही जुळवाजुळव कोण करणार, तुम्ही? आणि 750चा एवढा बाऊ कशाला, पिकदाणी असते की.

द्राक्षकोंब: असते. चारचौघांत वापरतं कोण?

टॅनिनकाका: कोणी शिकवत नाही म्हणून वापरत नाहीत. घोट तोंडभर फिरवा, ओठ आवळून बारीक धारेनं सोडा. लाज वाटत असेल तर स्वतःपुरता कागदी पेला मागून घ्या. आणि दर वाइनला ग्लास पाण्यानं विसळत बसू नका, तळाशी राहिलेल्या पाण्यानं पुढची पातळ लागते.

आयतं_बरं: म्हणजे थुंकणाऱ्यानं गाडी चालवली तरी चालेल. प्रश्नच मिटला.

टॅनिनकाका: अजिबात नाही! थुंकली तरी थोडं अल्कोहोल अंगात जातंच. चालवणाऱ्यानं ग्लास हातातच घ्यायचा नाही. गोड वाइन शेवटी, हेही सांगून ठेवतो. आधी घेतलीत तर पुढची ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली, आंबट लागते आणि शिव्या वायनरीला बसतात.

वेलमांडव: पिकदाणीपुराण संपलं असेल तर हंगामाचं बोला. तोडणीच्या दिवसांत वाइन करणारा टाक्यांपाशी अडकलेला असतो, तुमच्याशी गप्पा कोण मारणार? वाइन आंबत असते तिथे कार्बन डायऑक्साइड साचतो, त्यामुळे पाहुण्यांना सरसकट आत सोडत नाहीत.

द्राक्षकोंब: बरं, छोट्या वायनरीसाठी तोडणी टाळा. मोठीला चालेल.

आयतं_बरं: तीन तर तीन. पण विकत घेतलेल्या बाटल्या उन्हात तापलेल्या डिकीत दिवसभर ठेवल्या की वाइन फुगून बूच वर सरकतं, तेव्हा थर्मोकोलची पेटी कोण आणणार तेही आत्ताच ठरवा. टूर नको म्हणालात ना?