कॉलेजचं जर्नल स्कोपसमध्ये (संशोधन जर्नलांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत) घ्यायला काय लागतं?

आमच्या विभागाचं अर्थशास्त्राचं जर्नल ३ वर्षं निघतंय, बरेच लेख मराठीत. एक एजंट म्हणतो पैसे भरा, स्कोपसमध्ये टाकून देतो. असं होतं का खरंच?

ग्रंथपाल_ताई:
सर, एक रुपयाही देऊ नका!! अर्ज फुकट असतो आणि आपणच ऑनलाइन करायचा. आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक), पीअर रिव्ह्यू (छापण्याआधी इतर तज्ज्ञांकडून लेखांची तपासणी), वेळेवर अंक, निदान २ वर्षांचे जुने अंक आणि वेबसाइटवर नैतिकतेचं धोरण, एवढं तरी हवंच. मराठी चालतं, पण शीर्षक नि सारांश इंग्रजीत आणि संदर्भ रोमन लिपीत लागतात, हे आपल्याकडे हमखास राहून जातं. मग त्यांचं तज्ज्ञ मंडळ बघतं, संपादक आणि लेखक सगळे एकाच कॉलेजचे असले की गाडी तिथेच अडते.

जुना_संपादक:
ताई बरोबर बोलल्या. स्कोपससारखीच दुसरी सूची म्हणजे वेब ऑफ सायन्स, तिचे २८ निकष आहेत, त्यातले २४ दर्जाचे, तेवढे पार झाले की २०१५ला सुरू झालेल्या ईएससीआयमध्ये (तिच्याच उदयोन्मुख जर्नलांच्या यादीत) जागा मिळते, उरलेले ४ प्रभावाचे.

प्रश्नकर्ता:
खूप आभार ताई. आधी संदर्भ रोमनमध्ये करायला घेतो, बाहेरच्या विद्यापीठातले संपादकही शोधतो.