काल्पनिक देश रचताय: माणसं आणि जनावरं त्या जमिनीतलीच वाटावीत म्हणून काय करावं?

कोरीपाटी:

नमस्कार मंडळी. मी एक कादंबरी लिहितेय. देश पूर्ण कल्पनेतला, नाव कारंबळ. पश्चिमेला समुद्र, मग अरुंद किनारपट्टी, मग 'करवत' नावाची उभी डोंगररांग आणि तिच्यापलीकडे पूर्वेला दूरवर माळ. लोक तीन प्रकारचे: किनाऱ्यावरचे दर्ये, डोंगरातले कडेकर आणि मेंढरं राखणारे माळवे. आकाशात दोन चंद्र आहेत, थोरला आणि धाकटा. धाकटा आकाराने लहान, पण जमिनीला जवळ.

जनावरं बरीच आहेत, त्यातली तीन महत्त्वाची. नदीत राहणारी, सुसरीच्या तोंडाची डोहीण. कड्यावरचा पंखांचा रानबैल. आणि कातळ्या, जो दगडासारखा दिसतो, माणसाएवढा उंच असतो आणि महिनोन्‌महिने हलत नाही.

नकाशा काढून झालाय. राजघराण्यांच्या वंशावळी आहेत, लिपीसुद्धा आहे. पण ज्या दोघी-तिघींना वाचायला दिलं त्यांचं म्हणणं, की यातला कुठलाही प्राणी उचलून कुठेही ठेवला तरी काही बिघडत नाही, आणि तीन लोकांचं जुनं वैर सोडलं तर त्यांच्यात काही घडतच नाही. मला हे फार लागलंय, कारण या देशावर माझा जीव आहे. समुद्राजवळ उगम पावलेली नदी उलटी पूर्वेला जाऊ शकते का? दोन चंद्र असले तर भरतीचं काय होईल? आणि ही जनावरं त्या मातीत रुजवायची कशी? मनापासून विचारतेय.

खाडीकाठ:

भरतीचं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

आधी एक बघा. धाकटा जवळ असेल तर त्याची फेरी थोरल्याच्या आधी पुरी व्हायला हवी. जवळचा चंद्र सावकाश आणि लांबचा भराभर, असं होत नाही. समजा धाकट्याची फेरी २७ दिवसांची आणि थोरल्याची ३६ दिवसांची. मग दोघे दर १०८ दिवसांनी एका रेषेत एका बाजूला येतील, आणि मधे ५४व्या दिवशी समोरासमोर येतील. भरती पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना येते, त्यामुळे समोरासमोर असले तरी उधाण येणारच. म्हणजे दर ५४ दिवसांनी मोठं उधाण, आणि दोन उधाणांच्या बरोबर मधल्या काळात भांग, म्हणजे सगळ्यात कमी भरती-ओहोटी; दोघांचं बळ सारखं असेल तर पाणी जेमतेम हलेल. शिवाय चंद्र निम्म्या अंतरावर आला तर भरती ओढण्याचं त्याचं बळ आठपट होतं. धाकट्याला लहान म्हणून सोडू नका.

आता हे माणसांत आणा. आमच्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमारास भरती. घड्याळाची गरज नाही. तुमच्या दर्यांना दोन चंद्रांचा हिशेब करावा लागेल, आणि तो ज्याला तोंडपाठ असेल त्याला गावात मोठा मान असेल. खाजणाचे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचे, बांध कधी बांधायचे, होडी कधी ओढायची, लग्न कुठल्या दिवशी धरायचं, सगळं तोच सांगेल. तुमच्या राजघराण्यापेक्षा मला तो माणूस वाचायला आवडेल.

विहीर-बारव:

ताई, मी भूजलाच्या कामात उमर घालवली. लोकांच्या विहिरी बघत फिरलो, सह्याद्रीच्या दोन्ही अंगांनी. माझं म्हणणं एकच आहे: वंशावळी बाजूला ठेवा आणि कारंबळात पाऊस कुठे किती पडतो ते आधी ठरवा. बाकीचं त्यातून निघतं.

नदी उलटी जाते का, तर आपल्याकडे तेच आहे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जवळपास ६४ किलोमीटर, तरी ती सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. गोदावरीचा उगमही समुद्रापासून ८० किलोमीटरच्या आसपासच. कारण सह्याद्री पश्चिमेला कड्यासारखा तुटलाय आणि पूर्वेला हळूहळू उतरत गेलाय. करवत तशीच ठेवा. मग नद्या आपोआप दोन तऱ्हेच्या होतील. पश्चिमेच्या आखूड, पावसात अंगावर येणाऱ्या आणि चैत्र-वैशाखात नुसते गोटे उरणाऱ्या. पूर्वेच्या लांब, संथ, खोल डोहांच्या. तुमची डोहीण पूर्वेकडेच राहणार, पश्चिमेला तिला उन्हाळा काढता येणार नाही. आणि दुष्काळात डोह आटत आला की ती आणि माणसं एकाच पाण्यावर येतील. तिथे तुम्हाला प्रसंग मिळेल.

पावसाची उतरंड किती तीव्र असते हे कागदावर कळत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाट उतरून तीस-बत्तीस किलोमीटरवर वाईला या, तो हजाराच्याही आत येतो. आणखी पूर्वेला माण तालुक्यात गेलात तर पाचशेच्या आसपास, आणि तोही येईलच असं नाही. सकाळी निघालेला माणूस एका दिवसात भात, मग नाचणी-वरी, मग बाजरी अशी तीन ताटं बघतो. घरांची छपरं बदलतात. जिथे पाऊस झोडपतो तिथे उताराची छपरं आणि कारवीच्या काठ्यांना शेणमाती लिंपलेले कूड, माळाकडे पाऊस कमी म्हणून मातीची सपाट धाबी. तुमचे दर्ये, कडेकर आणि माळवे दिसायला, खायला, राहायला का वेगळे, याचं उत्तर या उतरंडीत आहे. रक्तात शोधू नका.

आता वैराचं. मला ते पटत नाही. माळवे आणि दर्ये यांना एकमेकांवाचून चालणारच नाही. फलटण-बारामतीकडचे मेंढपाळ धनगर पावसाळाभर कोरड्या मुलखात राहतात, कारण चिखलात आणि सततच्या पावसात मेंढरांचे खूर सडतात. दिवाळी झाली की घोड्यांवर बिऱ्हाड लादून, वाडेच्या वाडे, म्हणजे अख्खे तांडे, घाट उतरून कोकणात जातात. तोवर भाताची कापणी झालेली असते, शेतं रिकामी असतात. शेतकऱ्याला लेंडीखत हवं असतं, धनगराला चारा आणि धान्य. मेंढरं रात्रभर शेतात बसवायची आणि त्याबद्दल धान्य घ्यायचं, असा हा व्यवहार. पाऊस लागायच्या आत पुन्हा वर.

यात भांडणं नसतात का? खूप असतात. कुणाच्या शेतात किती रात्री, बांधावरचं कुणाचं झाड ओरबाडलं, ठरलेलं धान्य कमी का मापलं. पण पुढच्या वर्षी पुन्हा तोंड बघायचं आहे हे माहीत असलेल्या माणसांचं ते भांडण असतं. जुन्या लढाईच्या वैरापेक्षा हे लिहायला अवघड आहे आणि कितीतरी श्रीमंत आहे.

आणि एक माझ्या धंद्यातलं. सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक वाहत आलेल्या लाव्ह्याचे थर. एक थर अभेद्य काळा पाषाण, त्यावर मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा मऊ दगड, मधे कुठे लाल गेरूसारख्या मातीचा पट्टा. पावसाचं पाणी भेगांतून मुरत खाली येतं, लाल पट्ट्याशी किंवा घट्ट पाषाणाशी अडतं आणि डोंगराच्या अंगातून आडवं बाहेर पडतं. म्हणून एका डोंगरावरचे झरे पुष्कळदा एकाच उंचीवर सापडतात. वाड्या त्याच पातळीवर, देवराई तिथेच, पाण्याच्या काठाला शेंदूर लावलेल्या साती आसरा तिथेच. नकाशात कडेकरांची गावं तुम्ही कुठेही टिंबं देऊन मांडली असतील तर करवतीच्या पोटाला एक आडवी रेघ मारा आणि गावं तिच्यावर आणा. बघणाऱ्याला कारण माहीत नसलं तरी नकाशा खरा वाटेल.

पंखांच्या रानबैलाचंही सांगतो. एवढं जड जनावर उडणार कसं? कड्याच्या जोरावर. नाणेघाटात पावसाळ्यात खाली पडणारं पाणी वारा पुन्हा वर फेकतो, तो उलटा धबधबा बघायला गर्दी होते. समुद्रावरून आलेला वारा उभ्या कड्यावर आदळून सरळ वर चढतो. तुमचा बैल त्या वाऱ्यावर तरंगणारा असू द्या. म्हणजे तो पश्चिमकड्यावरच राहील, आणि माळावर नेला तर पंख असूनही जमिनीवरचंच जनावर होईल. मग कुणीतरी त्याला पकडून माळावर नेईल, आणि ते वाचताना माणूस कळवळेल.

कोरीपाटी:

तुम्हा दोघांचे आभार कसे मानू कळत नाही. रेघ मारून बघितली. सात गावं हलवली आणि एक देऊळ आपोआप झऱ्यावर आलं.

पण कातळ्याचं अजून अडलंय. तो कुणावर हल्ला करत नाही, कुणी त्याला मारायला जात नाही. लोक त्याच्या शेजारी राहतात, एवढंच. मग माणसांचं आणि त्याचं नातं काय दाखवू?

दांडेकाठी:

माझं गाव वेंगुर्ल्याच्या बाजूचं. शेजारी राहणं म्हणजे 'एवढंच' नव्हे हो. आमच्याकडे सगळ्यात मोठं नातं तेच.

आरवलीचा वेतोबा बघितलाय का? लोक त्याला केळी देतात आणि भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा देतात. का, तर तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि वहाणा झिजतात. वहाणा देणाऱ्याच्या मनात भीती असते, माया असते, आणि आपल्यासाठी कुणीतरी जागतंय याची जाणीव असते. तिन्ही एकदम. प्रत्येक शक्तीची जागाही ठरलेली. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, चकवा रानवाटेवर, देवचार आपल्या हद्दीत. हद्द सोडून कुणी वागत नाही आणि माणसानेही वागायचं नसतं. राखणदाराला वर्षाचं राखणं चुकलं तर घरात काही ना काही दुखतंच, असं आई अजून म्हणते, आणि मीही ते चुकू देत नाही.

तुमच्या कातळ्याला काय द्यायचं असतं, कुणी द्यायचं, कुठल्या महिन्यात, आणि तो मान कुठल्या घराण्याकडे आहे, हे ठरवा. गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने त्याच्यापुढे मागणं, कोण घालणार, आणि 'व्हय म्हाराजा' कोण म्हणणार? त्या घराण्यात मुलगा नसेल तर? मुलीनं गाऱ्हाणं घातलं तर कातळ्या ऐकेल का? मला तरी हे वाचायला बसल्यावर खाली ठेववणार नाही.

विहीर-बारव:

दांडेकाठींनी नेमकं बोट ठेवलंय. त्याला धरूनच पुढे जातो.

अकोले-जुन्नरकडच्या डोंगरात महादेव कोळी गुराखी अश्विनातल्या वद्य द्वादशीला वाघबारस करतात. वाघदेवाला नैवेद्य दाखवतात, आमच्या गुरांना धक्का लावू नको म्हणतात. वाघाला नाहीसं करायची मागणी त्यात नसते. त्याच दिवशी बाकीच्या घरांत वसुबारस असते, गाय-वासराची पूजा. एकाच तिथीला डोंगरात वाघ आणि खाली गाय. कारंबळातही एकच दिवस तिन्ही लोकांनी तीन तऱ्हांनी पाळावा. खाडीकाठांनी सांगितलेलं, दर १०८ दिवसांनी दोन्ही चंद्र एका बाजूला आल्यावरचं उधाण त्याला अगदी योग्य आहे.

लोक एकमेकांत कसे गुंफलेले असतात हे बघायचं तर जेजुरी बघा. खंडोबाची म्हाळसा वाण्याची, लिंगायत घरातली, आणि बाणाई धनगराची. म्हाळसा गडावर देवाशेजारी, बाणाईचं देऊळ डोंगराच्या वाटेवर खाली. दोघींची भांडणं वाघ्या-मुरळी गातात, आणि ऐकणाऱ्यांत दोन्हीकडचे असतात. पेठ आणि रान एका देवाच्या घरात नांदतात, कटकटीसकट. माळव्यांच्या देवाची एक बायको दर्यांची असेल तर तुमचं ते जुनं वैर आपोआप नात्यात येईल.

आणि आता कातळ्या. त्याला सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, ठेवा. कोकणातला जांभ्याचा सडा तुम्ही मे महिन्यात बघितला तर इथे काही जगतं यावर विश्वास बसणार नाही. पाय ठेववत नाही इतका तापतो. पहिले चार पाऊस झाले की त्याच दगडावर इंचभर पाण्यात फुलं, बेडूक, खेकडे, आणि दगडाखालून देवगांडूळ बाहेर येतं, ज्याला पाय नसतात पण जे बेडकाच्या नात्यातलं आहे. महिनोन्‌महिने दगड होऊन राहणं आणि पावसाला जागं होणं हा त्या जमिनीचाच स्वभाव आहे. तुमच्या मनात कातळ्या आला तो बरोबर आला, फक्त त्याला त्याची जागा द्या.

त्याच सड्यांवर रत्नागिरी-राजापूरकडे कातळशिल्पं आहेत. २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य वारशाच्या यादीत गेली. काशेळीला सड्यावर एक हत्ती कोरलाय, कित्येक माणसं आडवी झोपली तरी मावतील एवढा, आणि त्याच्या अंगात आणखी कितीतरी आकृत्या. आज त्या भागात रानहत्ती नाहीत. कुणी कोरला, का कोरला, गावातल्या कुणाच्या आठवणीत नाही, तरी काही ठिकाणी लोक त्या चित्रांना मानतात. तुमच्या सड्यावरही कातळ्याची चित्रं असू द्या, पण आज दिसतात त्याहून कितीतरी जास्त कातळ्ये त्यात कोरलेले. तो कळप कुठे गेला हे पुस्तकात कुणाला विचारू देऊ नका. एखादं लहान पोर ती चित्रं मोजत बसलंय एवढं पुरे.

एक काम राहिलंय. करवतीत घाट किती आणि कुठे, हे तुम्ही सांगितलंच नाही. मेंढरं, मीठ, भात, लग्नाची वऱ्हाडं, सगळं त्याच खिंडींतून जाणार. नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांच्या राणीचा लेख असलेलं लेणं आहे आणि दगडात कोरलेला रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. तुमच्या घाटात जकात कोण घेतं आणि कशात घेतं? मिठात, लोकरीत की नाण्यात? मला वाटतं तो कडेकरांचा हक्क असावा, कारण त्यांच्याकडे भात नाही, मेंढरं नाहीत, फक्त वाट आहे. ठरलं की इथेच लिहा, आणि घाटाची उंची व उन्हाळ्यात पाणी टिकणारी टाकी कुठे आहेत तेही लिहा. चढणीला मेंढरांचा मुक्काम कुठे पडेल ते मी काढून देतो.