पहिली-दुसरीच्या पोरांना बाल्ड ईगल कसा शिकवावा?

शाळेवरची ताई: पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग, 22 पोट्टे, हाताशी दोन तासिका. घार सगळ्यांच्या ओळखीची, बाल्ड ईगल कोणीच पाहिलेला नाही. चित्र दाखवलं की ‘टकला गरुड’ म्हणून हसतात आणि गाडी तिथंच अडते. टीव्ही नाही, गावात मिळेल तेवढ्यातच करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

धानपट्टा: ताई, आधी नावच निस्तरा. तो टकला नाहीच, डोक्यावर दाट पांढरी पिसं असतात. इंग्रजीतल्या त्या शब्दाचा जुना अर्थ पांढऱ्या डोक्याचा असा होता. तुम्ही ‘पांढऱ्या डोक्याचा गरुड’च म्हणा.

मग आकार. पंख पसरले की 1.8 ते 2.3 मीटर. मैदानात चुन्यानं 2 मीटरची रेघ मारा आणि दोन पोरं हात पसरून, बोटाला बोट लावून त्यावर उभी करा; जवळपास तेवढंच भरते. वजनासाठी तांदळाच्या दोन पिशव्या, एक 4 किलोची, एक 5 ची. जड पिशवी मादीची. नरच मोठा असणार असं पोरं हमखास म्हणतात, म्हणून आधी उचलू द्या, उत्तर नंतर सांगा.

खरा वेळ घरट्यावर घाला. दीड मीटर रुंदीचं रिंगण आखा. पऱ्हाट्या नकोत, त्यांना फवारणीचं औषध लागलेलं असू शकते आणि वाळल्या बोंडांची टोकं बोचतात. तुराट्या घ्या. एकीत एक अडकवत रचा. नुसता ढीग केला तर पोरगं आत बसताच पसरतो. आत तणस. कापूस घालायचा मोह होईल, पण हा गरुड आत वाळलं गवत अंथरतो. जोडी दरवर्षी त्याच घरट्यावर नव्या काड्या चढवते. फ्लोरिडातलं एक घरटं असं वाढत वाढत 2.9 मीटर रुंद आणि 6 मीटर खोल झालं होतं, म्हणजे शाळेच्या छपराहून उंच!

अंडी मातीची करा, 7 सेंटीमीटर लांब, शेजारी कोंबडीचं ठेवा. सावलीत वाळवा, उन्हात तडकतात. अंडी उबायला 35 दिवस लागतात, कॅलेंडरवर तेवढ्या खुणा करायला लावा. नर-मादी पाळीपाळीनं बसतात, तर खुणेचीही पाळी लावा.

मामातलाव: धानपट्टा भाऊंनी रंगाचं सांगितलं नाही, आणि सगळ्यात जास्त चूक तिथंच होते. घरट्यातल्या पिल्लाचं डोकं पांढरं रंगवू नका. आधी राखाडी लव, मग 10-12 आठवड्यांनी उडते तेव्हा अंग गडद तपकिरी, चोचही काळपट. पुढं पांढरे डाग येत जातात. पांढरं डोकं, पांढरी शेपटी, पिवळी चोच पूर्ण व्हायला साधारण 5 वर्षं लागतात. कागदाची पट्टी पाच घड्यांची करा, एका घडीत एक वर्ष. पोरं स्वतः पाच-सात वर्षांची, त्यांना हे लगेच पटते.

आणखी एक. तलावावरची ब्राह्मणी घार पाहून ‘हा तर आपल्या इथं आहे’ असं कोणीतरी म्हणेलच. तिचं डोकं पांढरं न छातीही पांढरी, बाकी अंग न शेपटी विटकरी, वजन किलोच्या आत. बाल्ड ईगलची छाती गडद तपकिरी, शेपटी पांढरी, आणि तो फक्त उत्तर अमेरिकेत. मासे दोघंही खातात. हे दोन शेजारी शेजारी चिकटवा.

शाळेवरची ताई: डीडीटी या कीटकनाशकानं या गरुडाची अंडी फुटायची, ते या वयात सांगावं का?

मामातलाव: सांगा, पण साखळीपुरतं: औषध पाण्यात, पाण्यातून माशात, माशातून गरुडात, मग अंड्याचं कवच पातळ, आणि मादी बसली की ते फुटायचं. 1963 मध्ये अलास्का सोडून अमेरिकेत 417 जोड्याच उरल्या होत्या. 1972 मध्ये तिथं डीडीटीवर बंदी आली, 2007 मध्ये हा पक्षी धोक्यातल्या यादीतून निघाला. साल-आकडे तुमच्यासाठी, पोरांना नकोत. अंडं व्हिनेगरमध्ये ठेवायचा प्रयोग मात्र टाळा. त्यात कवच बाहेरून विरघळते. डीडीटीनं मादीच्या पोटातच कवचाला चुना कमी पडायचा. पोरं उलटंच लक्षात ठेवतील. त्यापेक्षा मातीची दोन अंडी आतून पोकळ करा, एकाचं कवच जाड, एकाचं कागदासारखं पातळ, आणि दोन्हींवर तांदळाची 5 किलोची पिशवी हळूच टेकवा.