मदत हवी आहे: व्हॉल्व्ह प्रीॲम्पची घूं जाता जात नाही

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, सिडकोत राहतो. दिवसा अंबडला सीएनसी मशीनवर असतो, रात्री हा उद्योग. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जुन्या सामानाच्या ढिगात बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) छापलेला एक ईसीसी८३ (म्हणजेच १२एएक्स७) व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायची तसली काचेची नळी, सापडला. त्यावर प्रीॲम्प (ॲम्प्लिफायरच्या आधी सिग्नल वाढवणारा भाग) बांधायला घेतला, तिथून सगळं सुरू झालं.

एकाच व्हॉल्व्हचा अर्धा भाग डाव्या चॅनेलला, अर्धा उजव्या. ॲनोडला १०० के (किलोओहम)चा रेझिस्टर, कॅथोडला १.५ के आणि २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. एचटीचा (व्हॉल्व्हला लागणाऱ्या चढ्या व्होल्टेजचा) खास ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेणं परवडेना, म्हणून २३०/१२ चे दोन साधे ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावलेत. पहिल्याच्या १२ व्होल्टवर व्हॉल्व्हचा हीटर (आतली तापणारी तार) चालतो, तेच १२ व्होल्ट दुसऱ्याला उलट्या बाजूने दिलेत. पलीकडे २०० व्होल्ट एसी मिळतात. ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड), मग ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचा कपॅसिटर, १० के, पुन्हा ४७. मोजमाप: पहिल्या कपॅसिटरवर २८२ व्होल्ट, दुसऱ्यावर २६२, ॲनोडवर १६७, कॅथोडवर १.४.

चासी (सगळं बसवायची पेटी) म्हणजे घरातला पोह्यांचा स्टीलचा डबा. आई अजून बोलत नाहीये.

गाणं छान वाजतं, पण मागे सतत घूं. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढीच, इनपुटची वायर काढली तरी तेवढीच. हीटरच्या वायरी पिळून घेतल्या, दोन्ही टोकांकडून १००-१०० ओहम ग्राउंडला दिले, काडीचा फरक नाही. दुकानात विचारलं तर म्हणे कपॅसिटर मोठा टाका. १०० मायक्रोफॅरड टाकून पाहिला, घूं उलट जरा कडक झाली! चुकतंय कुठे?

प्रतिसाद १

व्होल्टेज सगळे जागेवर आहेत, व्हॉल्व्हला बोल लावू नका. आधी मोबाइलवर टोन जनरेटर घ्या आणि हेडफोनवर ५० आणि १०० हर्ट्झ ऐकून बघा, घूं कशाशी जुळते ते. ५० असेल तर हीटर किंवा ट्रान्सफॉर्मरची जवळीक. १०० असेल तर ब्रिजकडून येतेय. आणि ब्रिजची मायनस वायर नेमकी कुठे जोडलीय ते लिहा.

आणखी एक, एचटीवर ब्लीडर (बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) लावलाय का? तुम्ही लिहिलेला नाही.

धागाकर्ता

१०० शी जुळते. ब्रिजची मायनस डब्याला, इनपुट सॉकेटजवळच्या बोल्टवर. कपॅसिटरची मायनस दुसऱ्या टोकाच्या बोल्टवर. डबा म्हणजेच ग्राउंड ना?

ब्लीडर नाही. परवा बंद करून लगेच हात घातला, कोपरापर्यंत झणझणलं. घरी सांगितलेलं नाही.

प्रतिसाद १

सापडलं. कपॅसिटर सलग भरत नाही, सेकंदाला १०० वेळा झटक्याझटक्याने भरतो. तो सगळा करंट तुमच्या डब्याच्या पत्र्यातून, इनपुटच्या ग्राउंडला घासून जातोय. कपॅसिटर मोठा केलात की झटके आणखी अणकुचीदार, म्हणून घूं कडक झाली. ब्रिजची मायनस थेट पहिल्या कपॅसिटरच्या पायावर आणा, मध्ये डबा नको. तिथून एकच वायर दुसऱ्या कपॅसिटरला, तिथून कॅथोड आणि इनपुटच्या ग्राउंडला. डब्याला फक्त एका जागी, इनपुट सॉकेटपाशी जोडा. तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची वायर मात्र डब्याला घट्ट बोल्टने हवीच, ती काढायची नाही.

हे करण्याआधी पहिल्या कपॅसिटरवर २२० के, २ वॅटचा ब्लीडर लावा. ४७ चे दोन असतील तर दीड-दोन मिनिटांत रिकामे होतात. तरी मीटर लावून बघितल्याशिवाय बोट लावायचं नाही, आणि एक हात खिशात.

धागाकर्ता

रविवारी केलं. १०० मायक्रोफॅरडचा काढून ४७ परत लावला, ब्लीडर आधी. घूं गेली! कान स्पीकरला चिकटवला तर अगदी बारीक ५० ची येते, ती हीटरची असावी. आता नवीन प्रश्न: डब्यावर टिचकी मारली की स्पीकरमधून टिंग असा आवाज येतो. हा व्हॉल्व्हच तसा आहे, की सॉकेटखाली रबर लावून भागेल?