उडीचे फोटो: बर्स्टच्या पलीकडे

अडथळ्यावरून झेपावणाऱ्या घोड्याचा फोटो कसा काढायचा, यावर ‘शटर १/२००० सेकंद ठेवा आणि बर्स्ट (एका दमात सलग फोटो) मारा’ असा सल्ला मिळतो. तो चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. पुढचे पाय पोटाशी दुमडलेला क्षण नेमका दोन फ्रेमच्या मध्ये निसटतो. उडीच्या माथ्यावर घोड्याचं वर जाणं निमिषभर थांबतं; तिथे १/१००० सुद्धा पुरतं. अडथळ्याच्या वरच्या दांडीवर आधीच फोकस लावा, समोरून थोडं तिरकं बसा आणि टापा ऐका. कँटरचे (घोड्याच्या मध्यम वेगाच्या दौडीचे) तीन ठोके कानात बसले की झेप कधी घेणार ते आपोआप कळू लागतं. स्वाराचे हात घोड्याच्या मानेबरोबर पुढे गेलेले दिसले पाहिजेत. लगाम ओढलेला फोटो स्वार स्वतःच नाकारतो!

आपल्या गोव्यात खरी डोकेदुखी उजेडाची. दुपारी आभाळ पांढरंफटक, हेल्मेटखाली चेहरा काळाठिक्कर. त्यामुळे सकाळचे राउंड सोडू नका. काळा घोडा आभाळासमोर आला तर एक्स्पोजर स्टॉपभर (म्हणजे दुप्पट) वाढवा. फ्लॅश अजिबात नको, घोडा बिचकतो.

सराव हवा असेल तर शिगम्यात डिचोली-सत्तरीकडे घोडेमोडणी, म्हणजे कमरेला लाकडी घोडा बांधून केलेला नाच, टिपा. वेग कमी, पण उसळी आणि लय पकडायला उत्तम. शिवाय ते घोडे लाथ मारत नाहीत.