पीएनजीवर बदललेल्या शेगडीवर भाकरी नीट होत नाही, बर्नर बदलू का?

गोदाकाठची
मंडळी, जरा मदत हवी आहे. नाशिकला आमच्या सोसायटीत पाइपचा गॅस (पीएनजी) आला. शेगडी जुनीच ठेवली, तीन बर्नरची एलपीजीवाली. एक मेकॅनिक येऊन जेट (गॅस ज्यातून सुटतो ते बारीक भोकाचं पितळी तोंड) बदलून गेला. बदलून म्हणजे काय, आमचेच जेट काढले, हातातल्या ड्रिलने भोक मोठं केलं आणि परत बसवले. त्या दिवसापासून मोठ्या बर्नरची ज्योत लांबच लांब, टोकाला पिवळी. पातेल्यांच्या बुडाला काजळी धरते. कुकर काही लवकर होत नाही, त्याचं हँडल मात्र तापतं. ज्वारीची भाकरी तव्याच्या कडेला करपते नि मधे कच्ची राहते. शेवटी आचेवर धरली तर काळे डाग पडतात आणि वास येतो तो वेगळाच.

सासूबाईंनी निकाल देऊन टाकलाय, "या गॅसला ताकद नाही." नवऱ्याला नवी शेगडी घ्यायची आहे. मला ऑनलाइन गॅस वाचवणारी जाळी, लालबुंद होणारा बर्नर, असं काय काय दिसतंय. आमचे बर्नर पितळेचे, चांगले वजनदार आहेत, टाकायचं जिवावर येतंय. नुसता बर्नर बदलून भागेल का?

खमंग_फोडणी
आमच्याकडे ती गोल जाळी आहे, बर्नरभोवती ठेवायची. आच बाहेर पळत नाही. दोन-तीनशे रुपयांत काम होतंय, घेऊन टाका.

ओतशाळेतला
गोदाकाठची ताई, बर्नर टाकू नका आणि जाळीही घेऊ नका. मी सांगलीला एमआयडीसीत बर्नर ओतायच्या आणि ड्रिल करायच्या शॉपमध्ये उमेदीची वर्षं काढली आहेत, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. घनमीटराला घनमीटर लावलं तर पीएनजीत (म्हणजे मुख्यतः मिथेनमध्ये) एलपीजीच्या निम्म्याहूनही कमी उष्णता असते. म्हणून तर भोक मोठं लागतं. पण गंमत पुढे आहे. मिथेनच्या एका भागाला जळायला हवा लागते साडेनऊ भाग, प्रोपेनला चोवीसच्या आसपास, ब्युटेनला एकतीस. आता प्रत्येकाच्या उष्णतेशी हे ताडून बघा, हिशेब जवळपास एकाच जागी येतो. तेवढ्याच आचेला दोन्ही गॅसना हवा सारखीच लागते. त्यामुळे गॅस बदलला म्हणून चांगला बर्नर एका दिवसात वाईट होत नाही. तुमच्याकडे बिघडलाय तो जेट.

घरगुती एलपीजीचा दाब ३० मिलिबार, पीएनजीचा २१. दाब कमी, पण गॅस हलका, म्हणून जेटमधून तो एलपीजीपेक्षाही जोरात सुटतो. हिशेबाने सेकंदाला सत्तर मीटरच्या वर. ही धार मिक्सिंग ट्यूबच्या (जेटपुढची नळी, जिथे गॅसमध्ये हवा मिसळते) बरोबर मधोमध सरळ गेली, तर वाटेत आपल्याबरोबर हवा ओढून नेते. शेगडीला पंखा नसतो, तिची हवा ओढणारी एकमेव गोष्ट म्हणजे ही धार. युक्ती प्रयोगशाळेतल्या बुन्सेनच्या दिव्याची, १८५५ च्या सुमाराची, हायडेलबर्गची. (दिवा प्रत्यक्ष घडवला विद्यापीठातल्या पेटर डेसागा या मेकॅनिकने, नाव झालं प्रोफेसरांचं. कारागिराचं हे असंच असतं.) हातड्रिलने पाडलेलं भोक तिरकं जातं, आत पितळेचा बर (कडेला उरलेली खरबरीत कणी) राहतो. मग धार ट्यूबच्या भिंतीवर आपटते, जोर तिथेच मरतो आणि हवा कमी ओढली जाते. पिवळं टोक आणि काजळी ही त्याचीच.

त्यात भोक गरजेपेक्षा मोठं झालं असणार. एलपीजीचा जेट ०.७५ मिमीचा असेल तर पीएनजीला साधारण १.४ पट व्यास पुरतो, म्हणजे एक मिमीच्या जरा वर. "ज्योत मोठी दिसली पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक परत बोलावतं," म्हणून मेकॅनिक हात सैल सोडतात. ज्योत बुडाबाहेर गेली की ती हँडल तापवते, डाळ नाही.

अंदाजावर जाऊ नका, तुमच्याकडे मीटर आहे. बाकी सगळं बंद करून फक्त मोठा बर्नर पूर्ण आचेवर दहा मिनिटं चालवा. मीटरचे शेवटचे तीन लाल आकडे म्हणजे लिटर. आधीचं आणि नंतरचं रीडिंग इथे टाका. घरगुती मोठ्या बर्नरला दहा मिनिटांत ३५ ते ४० लिटर पुष्कळ झाले.

@खमंग_फोडणी, जाळीबद्दल स्पष्टच बोलतो. जेटने ओढलेली हवा ही गरजेच्या निम्मी किंवा थोडी जास्त असते. उरलेली ज्योतीला आजूबाजूने मिळते. तुम्ही भोवती कडं बसवलं की तीच वाट अडते. आच आत राहते हे खरं, पण कार्बन मोनॉक्साइडही वाढू शकतो, आणि तो दिसत नाही, त्याला वासही नाही. आयएस ४२४६ या आपल्या मानकात एलपीजी शेगडीची कार्यक्षमता (गॅसच्या उष्णतेतली भांड्याला किती मिळते ते) किमान ६८ टक्के हवी असं आहे, तसंच धुरातलं मोनॉक्साइडचं डायऑक्साइडशी प्रमाण ०.०२ च्या वर नको असंही आहे. ही दोन कलमं एकमेकांचे पाय ओढतात. भांडं ज्योतीच्या जवळ आणलं की कार्यक्षमता चढते, पण थंड बुडाला टेकून ज्योत अर्धवट विझते आणि मोनॉक्साइड वाढतो. बर्नर बनवणाऱ्याचा सगळा वेळ या काही मिलिमीटरांत जातो. बाहेरून आणलेलं कडं तो हिशेब बघत नाही.

खमंग_फोडणी
बापरे. कडं आजच माळ्यावर. खिडकी मात्र आम्ही उघडी ठेवतो हं.

गोदाकाठची
काका, रीडिंग घेतलं. दहा मिनिटांत ६२ लिटर! आणि दुसरी गोष्ट, मधल्या बर्नरची ज्योत एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला बुटकी आहे. तोही जेटच का?

ओतशाळेतला
६२ म्हणजे भोक सव्वा मिमीच्याही पुढे गेलंय. दीडपट गॅस जाळताय आणि वाढीव सगळा ओट्याच्या भिंतीला देताय. शेगडीच्या मॉडेलचे पीएनजीसाठी कारखान्यात बनलेले जेट मिळतात, ते मागवा. बसवायला गॅस कंपनीचा अधिकृत माणूस बोलवा. बसवल्यावर जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते तुमच्यासमोर बघायला सांगा. स्वतः पाना घेऊन बसू नका, आणि जुन्या जेटमध्ये तार घालून भोक बारीक करायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा देऊन रवाना करा.

मधल्या बर्नरचं वेगळं असू शकतं. टोपी काढून बघा, नीट बसते का, फिरवली तर डुगडुगते का. शिवाय पिनेने किंवा खिळ्याने भोकं साफ करायची सवय आहे का घरात? पितळ मऊ. वर्षानुवर्षं कोरून एका बाजूची भोकं मोठी होतात आणि ज्योत तिकडे धावते. तसं असेल तर टोपी बदला, आणि पुढे कोमट साबणाचं पाणी नि जुना टूथब्रश, बस्स.

अर्धवटराव_पुणे
चर्चा वाचतोय, मस्त. पण काका, हे सगळं जुन्या डिझाइनला ठिगळ लावणं झालं. लाल होणाऱ्या बर्नरचं काय? आयआयटी गुवाहाटीत प्रा. पी. मुथुकुमार यांच्या गटाने सच्छिद्र बर्नरवर एवढं काम केलंय. गॅस उघड्या ज्योतीने न जळता सिलिकॉन कार्बाइड या सिरॅमिकच्या फेसासारख्या चकतीच्या आत जळतो, चकती तापून लाल होते आणि भांड्याला थेट किरणांनी उष्णता देते. खाली अ‍ॅल्युमिनाचा थर, तो ज्योत मागे जाऊ देत नाही आणि येणारं मिश्रण गरम करतो. कार्यक्षमता वर, मोनॉक्साइड आणि नायट्रोजन ऑक्साइड खाली. मग घराघरात का नाही?

ओतशाळेतला
काम उत्तम आहे, त्याला नावं ठेवत नाही. माझ्या शंका स्वयंपाकघरातल्या आहेत. पहिली हवेची. चकतीच्या आत जळायचं तर लागणारी जवळपास सगळी हवा आधीच मिसळावी लागते, बाजूने मिळणाऱ्या हवेचा आधार नाही. ३० किंवा २१ मिलिबारच्या धारेने तेवढी ओढणं अवघड. म्हणून असे बर्नर दाबाची हवा किंवा जास्त दाबाचा गॅस असेल तिथे, म्हणजे हॉटेलच्या भट्टीला, आधी शोभतात. दुसरी शंका उतू जाणाऱ्या दुधाची. तापलेल्या सिरॅमिकवर पातेलंभर दूध ओतून बघा. पितळी टोपी काढून घासता येते, चकतीच्या बारीक छिद्रांत जळलेली साय कशी काढणार? प्रयोगशाळेत पाणी उकळतात, पाणी उतू गेलं तरी डाग ठेवत नाही.

मला विचाराल तर घरासाठी जास्त कामाचं आहे ते डेहराडूनच्या सीएसआयआर-आयआयपी या पेट्रोलियम संशोधन संस्थेने पीसीआरए या इंधनबचतीच्या सरकारी संस्थेच्या मदतीने केलेलं. त्यांनी पीएनजीसाठी वेगळी शेगडीच बनवली. बदललेल्या एलपीजी शेगड्यांची कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या आसपास आणि या शेगडीची ५५, असे आकडे त्यांनी दिले आहेत. म्हणजे ताईंच्या घरी घडलंय ते देशभर घडतंय.

कोकणी_मेवा
धागा थोडा वळवतो, माफी. हेच गॅस गीझरला लागू का? आमच्या बाथरूममध्ये एलपीजीचा ६ लिटरचा आहे, हल्ली भडकताना धप्प आवाज येतो.

ओतशाळेतला
वापर आजपासून बंद करा, तपासून घेतल्याशिवाय चालू करू नका. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं म्हणजे दहा किलोवॅटच्या वर, शेगडीचे चार-पाच मोठे बर्नर एकदम पेटवल्यासारखं. तेही बंद खोलीत. धप्प आवाज म्हणजे पेटायच्या आधी गॅस साचतोय. त्यात पाणी तापवणाऱ्या वरच्या तांब्याच्या पट्ट्यांत काजळी भरली असेल तर धूर वर निघत नाही, हवा आत येत नाही आणि मोनॉक्साइड वाढत जातो. तंत्रज्ञाकडून बर्नर आणि पट्ट्या दोन्ही साफ करून घ्या, आणि गीझर बाथरूमच्या बाहेर हलवा. खिडकीची फट पुरते असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

कोकणी_मेवा
बंद केलाय. बाहेर पॅसेजमध्ये घ्यायचं बघतो.

गोदाकाठची
नवे जेट बसले! रीडिंग आता ३८. ज्योत निळी, पातेली स्वच्छ, कुकरही वेळेवर. मधल्याची टोपीच वाकडी निघाली, ती बदलली. पण काका, भाकरीचं अर्धंच सुटलं. काळे डाग गेले, मधे मात्र अजून जरा कच्ची. सासूबाई माझ्याकडे बघतात आणि काही बोलत नाहीत.

ओतशाळेतला
हे होणार होतं. कार्यक्षमतेची चाचणी होते अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात पाणी तापवून. अ‍ॅल्युमिनियम उष्णता पसरवतं, पाणी ढवळलं जातं, त्यामुळे ज्योत कुठे लागतेय ते लपून जातं. तुमचा तवा लोखंडी. लोखंड अ‍ॅल्युमिनियमच्या चौथ्या हिश्शानेच उष्णता पसरवतं, म्हणून ज्योतीचं कडं जसंच्या तसं भाकरीवर उमटतं. आमच्या मालकाने एकदा हट्टाने मोठ्या टोपीत आतल्या बाजूला भोकांची आणखी ओळ पाडायला लावली होती. मधली ज्योत पिवळीच. बाहेरच्या कड्याने तिची हवा आधीच खाल्लेली. मग टोपीच्या मधोमध हवेसाठी आरपार वाट ठेवावी लागली, तेव्हा कुठे ती निळी झाली. तैवानकडे ज्योत आत वळवून गोल फिरवणाऱ्या बर्नरवर बराच अभ्यास झालाय, पण आपल्या बाजारात घेताना टोपी उचलून मधे वाट आहे का एवढं बघितलंत तरी पुरे.

तूर्त भाकरी लहान बर्नरवर हलवा. त्याचं कडं लहान, आच मधे लागते. तवा जाड घ्या आणि आधी मंद आचेवर चांगला तापू द्या. तरी राहिलं तर भांडं ठेवायच्या जाळीपासून बर्नरच्या टोपीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजून टाका, दोन्ही बर्नरचं.

गोदाकाठची
मोजलं. मोठ्याचं २६ मिमी, लहानाचं १९. जाळ्या धुताना अदलाबदल झाल्या असतील का हो?