सोमनाथच्या छावणीतले आम्ही: बाबा आमटे यांच्याविषयीचे अनुभव

मुरलीधर देविदास आमटे यांना 'बाबा' हे नाव त्यांच्या वयामुळे किंवा कार्यामुळे मिळाले, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ते लहानपणी आईवडिलांनी लाडाने ठेवलेले नाव होते. 26 डिसेंबर 1914 रोजी हिंगणघाटला जमीनदाराच्या घरी जन्मलेला हा मुलगा वकील झाला, वरोरा नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला, सफाई कामगारांबरोबर मैल्याची टोपली डोक्यावर घेऊन फिरला आणि पावसात भिजत पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरुग्णाला पाहून आधी घाबरून पळाला. त्या घाबरण्याची लाज त्यांना पुढे आयुष्यभर पुरली. 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली, 1951 मध्ये वरोऱ्याजवळ कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभे राहू लागले. हा सारा इतिहास अनेक ठिकाणी लिहिलेला असल्यामुळे तो येथे पुन्हा सांगण्याची गरज नाही.

आम्हाला हवे आहेत ते बाबांच्या हाकेला 'ओ' देऊन गेलेल्या सामान्य तरुणांचे अनुभव. चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यात सोमनाथ येथे, कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांच्या वस्तीवर, 1967 पासून मे महिन्यात तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरते. त्या छावणीत, 'भारत जोडो'च्या सायकलयात्रेत किंवा अन्य निमित्ताने आपण बाबांच्या कामात हात घातला असेल, तर त्याविषयी लिहावे, अशी विनंती आम्ही केली होती. गौरवपर लेखन टाळावे आणि स्वतः काय केले, काय जमले नाही, एवढेच सांगावे, अशी अटही घातली होती. आलेल्या मजकुरातील काही भाग येथे देत आहोत. लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत.

पुण्याचे एक निवृत्त अभियंता लिहितात:

मी 1974 साली छावणीला गेलो, तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात होतो. घरातून विरोध होता आणि तो तत्त्वाचा नव्हता, भीतीचा होता. आईने आयुष्यात कुष्ठरोगी पाहिला होता तो देवळाच्या पायऱ्यांवर भीक मागणारा, त्यामुळे आपला मुलगा अशा माणसांच्या वस्तीत आठ दिवस जेवणार ही कल्पनाच तिला सोसवत नव्हती. परत आल्यावर तिने मला अंगणातच आंघोळ करायला लावली आणि माझे कपडे वेगळ्या बादलीत उकळले. त्याबद्दल मला तेव्हा तिचा राग आला होता, आज येत नाही.

चांदा फोर्टहून नॅरोगेजच्या गाडीने आम्ही मूलला उतरलो. मे महिन्यातला चांद्याचा उन्हाळा काय असतो, हे तिकडे गेल्याशिवाय समजत नाही. दुपारी माणूस बाहेर उभाच राहू शकत नाही, म्हणून श्रमदान पहाटे सुरू होई आणि ऊन चढायच्या आत थांबे. आमच्या गटाकडे एका बोडीच्या पाळीचे काम होते. पावसाचे पाणी अडवून धानाच्या बांध्यांना देण्यासाठी बांधलेल्या लहान तळ्याला त्या भागात बोडी म्हणतात. टिकावाने मुरूम फोडायचा, घमेल्यात भरायचा आणि साखळी करून पाळीपर्यंत पोहोचवायचा, एवढेच काम होते. पहिल्या तासातच माझ्या दोन्ही तळहातांवर फोड आले.

माझ्या जोडीला सोमनाथचेच रहिवासी असलेले एक गृहस्थ होते. रोग बरा झालेला होता, परंतु दोन्ही हातांची बोटे झडून गेली होती. फावड्याचा दांडा ते तळव्यांच्या कचाट्यात धरत आणि आम्हा तिघांच्या बरोबरीने माती ओढत. मी अभियंता होणार असल्याने पाळीचा उतार कसा असावा याविषयी त्यांना दोन गोष्टी ऐकवल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि उतार मात्र स्वतःला हवा तसाच ठेवला. पाळ टिकली की नाही हे पाहायला मी परत गेलो नाही, पण आज विचार करता त्यांचेच बरोबर असावे असे वाटते.

संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात ते स्वतःचे तळपाय बारकाईने तपासत बसलेले दिसले. काय शोधता, असे मी विचारले. त्यांनी सांगितले की पायाला संवेदना नसल्यामुळे काटा रुतला किंवा भाजले तरी कळत नाही, आणि न कळलेली जखम चिघळून पाय जातो, म्हणून रोज पाहावे लागते. मग माझे हात त्यांनी उजेडात धरले, फोड पाहिले आणि म्हणाले, "तुले दुखते ना? मंग बरं हाय." दुखणे ही देणगी असू शकते, हे मला त्याआधी कोणी सांगितले नव्हते. छावणीत दुपारी झालेली व्याख्याने मी साफ विसरलो आहे.

अमरावतीच्या एक शिक्षिका:

मी ऐंशीच्या दशकात गेले. मुलींना पाठवायला घरचे तयार नसत, त्यामुळे आमच्या महाविद्यालयातून आम्ही तिघीच होतो आणि माझ्या वडिलांनी बाबांच्या पत्नी साधनाताई तिथे असतात एवढ्या एकाच भरवशावर परवानगी दिली.

बाबांना मणक्याचा आजार असल्यामुळे ते बसू शकत नसत. एक तर उभे राहत किंवा आडवे होत. तरुणांशी बोलतानाही ते खाटेवर पडूनच बोलत. वक्ता व्यासपीठावर आणि श्रोते खाली, ही रचना आम्हाला सवयीची. येथे बोलणारा माणूस आमच्याही खाली, झोपलेला, आणि आम्ही त्यांच्या तोंडाकडे वाकून ऐकत असू. समोरच्याचे नाव, गाव, शिक्षण विचारल्यावर पुढचा प्रश्न असे तो काय करणार आहेस, हा. काय वाटते, हा नव्हे. मला उत्तर देता आले नाही, आणि त्या गप्प बसण्याची आठवण मला अजूनही टोचते. पुढे एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले, ते त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून नव्हे, नोकरी म्हणूनच शिकवले. हे प्रामाणिकपणे लिहिलेले बरे.

सांगली जिल्ह्यातील एक शेतकरी, 'भारत जोडो'चे सायकलस्वार:

डिसेंबर 1985 मध्ये कन्याकुमारीहून निघालो तेव्हा शंभराहून अधिक मुले-मुली होती. सत्तरी ओलांडलेले, पाठ मोडलेले बाबा गाडीत आडवे राहून आमच्याबरोबर सारा देश पार करत होते, त्यामुळे गुडघे दुखत असल्याची तक्रार करण्याची कोणाची छाती होत नसे. 'हाथ लगे निर्माण में, नहीं मांगने, नहीं मारने' ही घोषणा आम्ही दिवसातून किती वेळा दिली असेल, याचा हिशेब नाही. माझी हिंदी सिनेमातून शिकलेली होती, ती दक्षिणेत कोणाला कळेना. तेथे आम्ही गाणी म्हणत असू आणि खुणांनी पाणी मागत असू.

इंदिरा गांधींच्या हत्येला दीड वर्षही झाले नव्हते. पंजाबात शिरताना सर्वांच्या पोटात गोळा होता. संध्याकाळी आम्ही एका गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या शीख गृहस्थांनी माझ्या ताटात दुसऱ्यांदा डाळ वाढायला सांगितली आणि सायकलच्या चाकाची आरी वाकडी झाली आहे, ती सकाळी नीट करून घे, असे बजावले. आमच्या यात्रेने देश जोडला गेला का? मला सांगता येणार नाही. त्यानंतरही जे व्हायचे ते झालेच. 1988 च्या इटानगर ते ओखा यात्रेला मी गेलो नाही, कारण घरी ऊस लागणीचा हंगाम होता आणि थोरल्या भावाने स्पष्टच सांगितले होते की देश नंतर जोड, आधी पाट जोड.

सायकल माळ्यावर आहे. नातवाने ती भंगारात घालण्याचा विषय दोनदा काढला.

नागपूरहून आलेले एक टिपण:

काही जण 'शिबिरवीर' असत, हे कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहितो. एका शिबिरातून दुसऱ्या शिबिरात फिरणारे, सगळी स्फूर्तिगीते पाठ असणारे आणि सकाळी घमेले उचलायच्या वेळी नेमके कंबर धरून बसणारे. आमच्या गटात असे दोघे होते. मीही एका सकाळी पोट दुखण्याची थाप मारून झोपलो होतो. मात्र त्याच छावण्यांतून गेलेली काही मुले नंतर भामरागडच्या जंगलात, 1973 मध्ये बाबांनी आदिवासींसाठी सुरू केलेल्या हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात राहायला गेली, जेथे पावसाळ्यात नद्यांना पूर आला की बाहेरच्या जगाशी संबंधच तुटत असे. चाळणीत पुष्कळ कोंडा येतो म्हणून चाळणी वाईट ठरत नाही.

आनंदवनात वाढलेल्या एका वाचकाचे पत्र:

आपण सारे छावणीला येणाऱ्यांच्या बाजूने लिहीत आहात, म्हणून दुसऱ्या बाजूचे थोडेसे. माझे आईवडील दोघेही रुग्ण म्हणून आनंदवनात आले, तेथेच त्यांचे लग्न झाले आणि मी तेथेच शिकलो. शहरातली मुले येत तेव्हा आम्हा लहानांना मोठी गंमत वाटे. त्यांचे बूट, त्यांचे कॅमेरे, आणि पहिल्या जेवणाच्या वेळी ताट हातात घेताना त्यांच्या चेहऱ्यावर येणारे एक विशिष्ट भाव. आम्ही ते भाव ओळखत होतो आणि कोण किती दिवसांत त्यातून सुटतो यावर पैजा लावत होतो. बहुतेक जण तिसऱ्या दिवशी सुटत. जे सुटत नसत, तेही काम करतच.

निघताना ते रडत, पत्ते लिहून घेत आणि पत्र पाठवण्याचे वचन देत. पत्रे फारशी येत नसत. याबद्दल मी वडिलांकडे तक्रार केली तेव्हा ते म्हणाले की त्यांनी बांध घातला, बांध येथेच आहे, पत्राचे काय घेऊन बसलास. वडील हातमागावर काम करीत. ज्या माणसाला स्वतःच्या घरच्यांनी गोठ्यात ठेवले होते, त्याला विणलेल्या सतरंजीचे दाम मिळत होते, आणि बाबांविषयी बोलताना ते दयेचा नव्हे, त्या दामाचाच उल्लेख करीत. 1990 मध्ये बाबा आनंदवन सोडून नर्मदेच्या काठी कसरावदला राहायला गेले, तेव्हा आम्हा मुलांना पोरके झाल्यासारखे वाटले. वडिलांना तसे वाटले नाही. माग चालू आहे ना, एवढेच त्यांनी विचारले.

9 फेब्रुवारी 2008 रोजी बाबा गेले. त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांना अग्नी न देता आनंदवनाच्या मातीत पुरण्यात आले. बाहेरून लोकांची रीघ लागली होती. मी वडिलांना शोधत विणकाम विभागात गेलो, तर ते मागावर बसलेले होते. चला, असे म्हणालो, तेव्हा त्यांनी हात न थांबवता सांगितले की हा पट्टा पुरा होऊ दे, बाबाला खाडा खपत नव्हता. पट्टा पुरा व्हायला आणखी पाऊण तास लागला. मी दारात उभा राहिलो, मग आम्ही दोघे गेलो.